नवं ड्रॉपशिपिंग स्टोअर: पहिल्या जाहिरातीपासून दारात पोचलेल्या पार्सलपर्यंत

ड्रॉपशिपिंगमध्ये माल आपल्याकडे नसतो. ग्राहक आपल्या वेबसाइटवर ऑर्डर देतो, आपण ती सप्लायरला कळवतो, तो थेट ग्राहकाच्या पत्त्यावर पार्सल पाठवतो आणि मधला फरक आपला. शॉपिफाय किंवा वूकॉमर्सवर स्टोअर उभं करायला एक शनिवार-रविवार पुरतो. त्यावर गिऱ्हाईक आणायचं कसं आणि धंदा वाढवायचा कसा, यात खरी मेहनत आहे. हा लेख त्या मेहनतीबद्दल आहे.

मी पूजेचं साहित्य, गौरी-गणपतीची सजावट आणि संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू विकते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तुमचा माल वेगळा असला तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली असं नाही. ग्राहकाने दारात पार्सल घेतलं, पैसे दिले आणि ते आपल्या खात्यात आले, की विक्री झाली. यूट्यूबवरचे बरेचसे धडे परदेशी बाजारासाठी असतात. तिथे ग्राहक कार्डाने आधी पैसे भरतो, आपल्याकडे बरेच जण कॅश ऑन डिलिव्हरी निवडतात. त्या धड्यांत ज्या अलीएक्सप्रेसवरून माल घ्यायला सांगतात ते ॲप भारतात नोव्हेंबर २०२०मध्ये बंद झालं, आणि ज्या टिकटॉकवर जाहिरात करायला सांगतात ते त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणून ते धडे जसेच्या तसे वापरू नका.

१. जाहिरातीआधी ही तयारी हवी

कागदपत्रं आणि खाती:

- पॅन, आधार आणि धंद्याच्या नावाने चालू खातं
- जीएसटी नोंदणी
- उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आणि महाराष्ट्रात असाल तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना
- स्वतःचं डोमेन आणि त्याच डोमेनवरचा ईमेल
- पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी सेवा (रेझरपे, कॅशफ्री वगैरे)
- कुरिअरचं खातं, किंवा सप्लायरच्या कुरिअरचं ट्रॅकिंग आपल्याला दिसेल अशी सोय
- धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस
- मेटाचं (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचं) बिझनेस खातं, गूगल मर्चंट सेंटर (गूगलवर माल दाखवायला) आणि सर्च कन्सोल (गूगल सर्चमध्ये साइट कशी दिसते ते बघायला)

जीएसटीबद्दल फार गोंधळ असतो. वस्तूंसाठी ४० लाखांची मर्यादा ऐकून लोक निवांत राहतात, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी आहे. वेबसाइटवरून नागपूरलाही जाणार आणि बेळगावलाही, तर परराज्यातल्या पहिल्या ऑर्डरपासूनच नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सूट आहे. तुमचा माल त्यात बसतो का, हे सीएंना विचारा. जीएसटी आणि उद्यम या दोन्ही नोंदण्या सरकारी पोर्टलवर फुकट होतात. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी साइट उघडली असेल तर तिथून बाहेर पडा.

गेटवेवाले खातं सुरू करण्याआधी तुमची वेबसाइट तपासतात. संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि शिपिंग ही पानं तयार नसली की अर्ज अडकतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. एकट्याचाच धंदा असेल तर तिथे स्वतःचं नाव घाला. दुसऱ्या साइटची पानं उचलून चिकटवू नका. त्यांच्या कंपनीचं नाव मजकुरात कुठेतरी राहून जातं आणि ग्राहकाला ते बरोबर दिसतं.

२. विकायला सोपा माल निवडा

मार्केटिंगची अर्धी लढाई माल निवडतानाच ठरते. चार प्रश्न विचारा: ही वस्तू शेजारच्या दुकानात सहज मिळते का? तिचा उपयोग व्हिडिओत दहा सेकंदांत दाखवता येतो का? प्रवासात फुटते का? आणि कुरिअरला ती किती वजनाची वाटते?

चौथा प्रश्न नवखे लोक हमखास विसरतात. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५,०००ने भागायचं. गणपतीच्या मखराचं खोकं ६० × ४० × २० असेल तर ते ९.६ किलोचं धरलं जातं, आत दीड किलोचा फोम असला तरी. हलकं आहे म्हणून स्वस्तात जाईल असं समजून किंमत लावली, की नफा खोक्यातल्या हवेवर जातो. घडी होणारी, सुटी करून पाठवता येणारी सजावट निवडा.

सप्लायर भारतातलाच बघा. पितळेसाठी मुरादाबाद, साड्या-कापडासाठी सुरत, चादरी-टॉवेलसाठी सोलापूर, इमिटेशन दागिन्यांसाठी राजकोट. इंडियामार्टवर नावं मिळतात, पण तिथे सगळेच स्वतःला उत्पादक म्हणवतात. व्हिडिओ कॉल करून गोदाम बघा, जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा आणि कोणत्याही मालाचा एक तरी नमुना विकत घेऊन घरी मागवा. त्याला पुढच्या गोष्टी लेखी विचारा:

- ऑर्डर मिळाल्यापासून किती वेळात माल निघेल
- खोक्यावर आणि आतल्या कागदावर कोणाचं नाव असेल, त्याचा घाऊक दर ग्राहकाला दिसणार नाही ना
- न घेतलेलं पार्सल परत आलं तर माल परत घेईल का, पैसे किती दिवसांत देईल
- फुटलेला किंवा चुकीचा माल गेला तर बदली खर्च कोणाचा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू नंतर" असं आलं तर दुसरा सप्लायर शोधा. कारण पुढच्याच पायरीत कळेल.

खेळणी विकायची असतील तर जानेवारी २०२१पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. ब्रँडची नक्कल किंवा कार्टूनची चित्रं छापलेला माल कितीही खपत असला तरी घेऊ नका. तक्रार आली की जाहिरात खातं आणि पेमेंट दोन्ही बंद होऊ शकतं.

३. नफ्याचा हिशोब पोचलेल्या पार्सलवर करा

आता एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. जीएसटी बाजूला ठेवून विक्री किंमत ७०० रुपये, माल ३०० रुपये, कुरिअर ८०, परत आलेल्या पार्सलचं परतीचं भाडं ७०, आणि एक ऑर्डर आणायला जाहिरातीचा खर्च १५०. ऑर्डर आल्या १००.

सगळी पार्सलं पोचली तर जमा ७०,००० आणि खर्च ५३,०००. हातात १७,००० रुपये.

त्यांतली ७० पोचली, ३० परत आली आणि सप्लायरने माल परत घेतला, तर जमा ४९,०००. खर्च: माल २१,०००, जाण्याचं भाडं ८,०००, परतीचं २,१००, जाहिरात १५,०००. उरले २,९०० रुपये.

आणि सप्लायरने माल परत घेतला नाही तर ६,१०० रुपयांचा तोटा.

तिन्ही वेळा जाहिरातीच्या डॅशबोर्डवर आकडा एकच दिसतो, १०० ऑर्डर्स. मेटाचा पिक्सेल, म्हणजे आपल्या साइटवर बसवलेला नोंद ठेवणारा कोड, ऑर्डर नोंदली गेली की खरेदी मोजतो. पार्सल चार दिवसांनी परत निघालं हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक साधी गूगल शीट ठेवा: तारीख, पिनकोड, कुठल्या जाहिरातीतून आली, प्रीपेड की सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी), पोचली की परत, पैसे जमा झाल्याची तारीख. सीओडीचे पैसे कुरिअरकडून काही दिवसांनी येतात आणि सप्लायरला मात्र लगेच द्यावे लागतात. तेवढं खेळतं भांडवल बाजूला असल्याशिवाय जाहिरात वाढवू नका.

४. प्रॉडक्ट पेज सजवण्याआधी खरं करा

सप्लायरने पाठवलेले फोटो त्याने इतर पन्नास जणांनाही पाठवलेले असतात. मागवलेला नमुना खिडकीच्या उजेडात ठेवा आणि मोबाइलवर स्वतः फोटो काढा. शेजारी घरातली एखादी नेहमीची वस्तू ठेवा. मी समईच्या बाजूला स्टीलची वाटी ठेवते. "फोटोत मोठं दिसलं, आलं एवढंसं" ही तक्रार पितळी वस्तूंत सगळ्यात जास्त येते. उंची सात इंच असं लिहून ती थांबत नाही, वाटी दिसली की थांबते.

मजकूर मराठीत लिहा. साधा, बोलल्यासारखा. मात्र नावात एक युक्ती करा: मराठी माणूस गूगलवर बऱ्याचदा रोमन लिपीत मराठी टाइप करतो, म्हणून वस्तूचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीत ठेवा. मूळ देश, एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, नग किंवा वजन हे वेष्टित मालासाठी पेजवर द्यावंच लागतं. आणि किती दिवसांत पोचेल ते खरं सांगा. सहा दिवस लागत असतील तर सहा ते आठ लिहा. तीन लिहून सहाव्या दिवशी पोचवलं की तोपर्यंत ग्राहकाने बाजारातून आणलेलं असतं.

थीमबरोबर उलटी घड्याळं, "फक्त २ शिल्लक", "आत्ताच पुण्यातून कोणीतरी घेतलं" असली ॲप्स मिळतात. बसवू नका. खोटी घाई दाखवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी मांडणी, आहे, आणि स्वतःच ग्राहक बनून परीक्षणं लिहायलाही मनाई आहे. सुरुवातीला परीक्षणं नसली तर तो भाग सरळ बंद ठेवा.

५. जाहिरातीआधी फुकटचं गिऱ्हाईक

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग भरा, नेहमीच्या प्रश्नांची झटपट उत्तरं साठवा आणि ग्राहकांना लेबलं लावा. ब्रॉडकास्ट लिस्टचा संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून प्रत्येक पार्सलमधल्या चिठ्ठीवर नंबर आणि "सेव्ह करून ठेवा" एवढं छापायला सप्लायरला सांगा. नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो टाकू नका. महिन्यात एकदा, सणाच्या तोंडावर, नीट निवडलेल्या वस्तू टाका.

इन्स्टाग्रामवर रील मराठीतच बोला. वस्तू किती सुंदर आहे हे सांगण्यापेक्षा तिचं काम दाखवा: मखर खोक्यातून काढून उभं करायला लागणारा वेळ, समई घासून झाल्यावरची चकाकी, एकवीस वाणं एका पिशवीत कशी मावतात. छोट्या मराठी पानांकडून प्रसिद्धी करून घेतली, वस्तू फुकट दिली असली तरी, तिथे "जाहिरात" असं स्पष्ट लिहायला सांगा.

गूगल मर्चंट सेंटरमध्ये माल चढवला की शॉपिंग टॅबमध्ये फुकटही दिसू शकतो. ड्रॉपशिपिंगवाल्यांची खाती तिथे दिशाभूल करणारी माहिती दिली या कारणाखाली बंद होतात. साइटवरचा पत्ता, फोन, परताव्याचे नियम आणि किंमत मर्चंट सेंटरमधल्या माहितीशी तंतोतंत जुळू द्या, मगच अर्ज करा.

६. मेटाची पहिली जाहिरात

डोमेन पडताळून घ्या, पिक्सेल आणि कन्व्हर्जन एपीआय (खरेदीची नोंद सर्व्हरवरून थेट मेटाला पाठवणारी जोडणी) जोडा, आणि स्वतः एक चाचणी ऑर्डर देऊन नोंद होते का बघा. बिलिंगमध्ये तुमचा जीएसटी क्रमांक टाका. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि क्रमांक भरला असेल तरच त्याचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तेवढी वजावट, मागता येतं.

पोस्टखालचं "बूस्ट" बटण दाबू नका. ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्दिष्ट "सेल्स" निवडा. "ट्रॅफिक" निवडलं तर मेटा क्लिक करणारी माणसं आणून देतं, आणि क्लिक करणारा व विकत घेणारा ही वेगळी माणसं असतात. मेटाला एका ॲड सेटमधून (एकाच प्रेक्षकवर्गाला दाखवायच्या जाहिरातींच्या गटातून) आठवड्याला साधारण ५० खरेद्या मिळाल्या की माणसं नीट हेरता येतात. लहान बजेटचे पाच तुकडे केले तर एकाही तुकड्याला तेवढ्या मिळत नाहीत. एक कॅम्पेन, एक ॲड सेट, त्यात तीन-चार वेगळे व्हिडिओ, एवढंच ठेवा. आणि रोज बजेट-वय-शहर बदलत बसू नका, मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.

इतर काय दाखवतात ते मेटाच्या ॲड लायब्ररीत कोणालाही फुकट बघता येतं. महिनोन्‌महिने चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे मिळवून देत असते. तिची कल्पना अभ्यासा, व्हिडिओ उचलू नका.

७. ऑर्डर आल्यापासून पार्सल घेईपर्यंत

याला कोणी मार्केटिंग म्हणत नाही. माझ्या मते मात्र नव्या स्टोअरचं सगळ्यात स्वस्त मार्केटिंग हेच. नवा ग्राहक आणायला १५० रुपये लागत असतील, तर आलेला सांभाळायला एक फोन पुरतो.

पत्त्यापासून सुरुवात करा. चेकआउटचा परदेशी ढंगाचा फॉर्म आपल्या पत्त्यांना पुरत नाही. गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण अशा वेगळ्या जागा ठेवा. "मु. पो., मारुती मंदिरामागे" एवढ्यावर गावातला पोस्टमन पोचतो, तालुक्याच्या हबवरून आलेला नवा डिलिव्हरी बॉय पोचत नाही.

मग सीओडीची प्रत्येक ऑर्डर पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर पक्की करा. असा संदेश चालतो:

"नमस्कार ताई, आपली ७ इंची समईची ऑर्डर मिळाली. पार्सल घेताना ८२६ रुपये द्यायचे आहेत. पत्ता बरोबर आहे का? हो असेल तर १ पाठवा, आजच निघेल. आत्ता यूपीआयने भरलेत तर ५० रुपये कमी."

उत्तर नाही आलं तर संध्याकाळी फोन करा. फोनही नाही उचलला तर पाठवू नका. पहिल्यांदा हातातली ऑर्डर सोडताना जिवावर येतं, पण वरच्या हिशोबातले ते ३० इथूनच येतात.

मोठ्या रकमेच्या किंवा नावासकट बनवून घेतलेल्या मालासाठी थोडी आगाऊ रक्कम घ्या. शंभर रुपये भरलेला माणूस दारात आलेलं पार्सल सहसा परत करत नाही. शीटमध्ये ज्या पिनकोडवरून वारंवार माल परत येतोय तिथे सीओडी बंद करून फक्त प्रीपेड ठेवा.

पार्सल डिलिव्हरीला निघेल त्या सकाळी दुसरा संदेश: आज येईल, अनोळखी नंबर आला तर उचला, रक्कम सुटी तयार ठेवा. बायका दुपारी अनोळखी फोन उचलत नाहीत, आणि डिलिव्हरी बॉयकडे थांबायला वेळ नसतो. कुरिअरच्या पॅनेलवर "ग्राहक उपलब्ध नाही" अशी नोंद दिसली तर त्याच दिवशी ग्राहकाला विचारा आणि पुन्हा डिलिव्हरी मागा. ही एनडीआरची, म्हणजे पोचवता न आलेल्या पार्सलांची, यादी मी रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर उघडते. दोन-तीन प्रयत्नांनंतर पार्सल आपोआप परत फिरतं आणि मग काही करता येत नाही.

तक्रार आली तर वाद घालू नका. फुटलेल्या वस्तूचा फोटो मागा, बदली किंवा पैसे लगेच द्या, सप्लायरशी भांडण आपण नंतर करायचं. ग्राहकाने तुमच्याकडून घेतलंय, तो मुरादाबादला ओळखत नाही.

८. सणांप्रमाणे वर्ष आखा

वाणाची विचारणा डिसेंबरअखेरीस सुरू होते आणि खरेदी रथसप्तमीपर्यंत चालते, पण जास्त जणींना वस्तू संक्रांतीआधीच हातात हवी असते. एकेक जण एकाच वस्तूचे पंचवीस-पन्नास नग घेते. सप्लायरकडे तेवढे नग आहेत का, हे जाहिरात सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

गौरी-गणपतीसाठी रील दीड-दोन महिने आधी सुरू करा, जाहिरात श्रावणात. "गणपतीपूर्वी हवं असेल तर या तारखेपर्यंत ऑर्डर द्या" हे प्रत्येक पेजवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती तारीख उलटली की त्या मालाची जाहिरात खरोखर बंद करा. उशिरा पोचलेलं मखर कोणी ठेवून घेत नाही.

दिवाळीत कुरिअरचे हब तुंबतात. त्यानंतर सुरतेचे व्यापारी लाभपंचमीपर्यंत दुकानं उघडत नाहीत, उत्तरेकडे होळीला आणि ईदला कारागीर सुट्टीवर असतात. त्या दिवसांत स्टोअर चालू ठेवायचं तर डिलिव्हरीचे दिवस वाढवून लिहा.

९. वाढवायचं कधी आणि कसं

सलग काही आठवडे पोचलेल्या पार्सलवर नफा दिसला, की बजेट दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं वाढवा. दुप्पट-तिप्पट एका रात्रीत करू नका. जाहिरात ते पेलेल, सप्लायरचं पॅकिंग पेलेलच असं नाही.

जी वस्तू नियमित जाते तिचा छोटा साठा स्वतःकडे आणा. तिथे ड्रॉपशिपिंग सुटतं, हरकत नाही. माल तपासून पाठवता येतो, दुसऱ्या दिवशी निघतो, परत आलेला पुन्हा विकता येतो. बाकी माल सप्लायरकडूनच जाऊ द्या. आणि चालणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी दुसरा सप्लायर आधीच शोधून त्याचाही नमुना मागवून ठेवा.

जुन्या ग्राहकांकडे बघा. समई घेतलेल्या ताईंना श्रावणात वाती आणि निरांजन हवं असतं, त्यांना पुन्हा जाहिरात दाखवायला पैसे लागत नाहीत, एक संदेश लागतो. परदेशात राहणारी मुलं पुण्या-साताऱ्यातल्या आईवडिलांसाठी ऑर्डर देतात. पार्सल इथल्या इथेच जातं आणि पैसे आधी येतात. त्यासाठी गेटवेकडे आंतरराष्ट्रीय कार्ड सुरू करायचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि चेकआउटवर "भेट म्हणून पाठवा, बिल आत घालू नका" असा पर्याय द्यावा लागतो. तो अर्ज दिवाळीच्या दोन महिने आधी टाका.